कुणाच्या बापाला सापडायचं नाही

सॉरेल फोर्क, केंटकी
५ मार्च २०१८

नेडीन,

'प्रिय' मी मुद्दाम गाळलंय. का ते पत्र वाचलंस की कळेल. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस, आणि आज मला सगळं बोलायचंय.

काल प्रार्थना आटोपून बाहेर पडले तर ओपल फ्यूगेटनं मला चारचौघांत गाठलं. तिचा नातू ड्यूई तुला माहीत आहे. पाच वर्षांचा आहे आणि पाचही वर्षं त्यानं उपद्रवात घालवलीत. त्यानं नाकात घेवड्याचा दाणा घातला. घातला तर घातला, वर बोटानं आत ढकलला. ओपलनं मिरपूड हुंगवली, चिमटा लावला, पाय धरून उलटं टांगलं, दाणा काही येईना. शेवटी रडणारं पोर गाडीत कोंबून ती दोन तास गाडी हाकत तुमच्या त्या शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलात गेली. आणि तिथली नर्स तिला काय विचारते? "घरात बंदूक आहे का? कुठं ठेवता? कुलपात असते का?"

ओपल म्हणाली, "अगं बाई, नाकात दाणा अडकलाय, गोळी नाही!"

आणि ही नर्स कोण? तर आमची नेडीन! जिची आई गेल्यावर मी जिला वाढवलं, जिच्या वेण्या घातल्या, ती. ओपलनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की व्हर्नाची भाची आता सरकारची हेर झालीय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगं, आपल्या खोऱ्यात माणसाला त्याचं वजन विचारावं, पगार विचारावा, दुसरी बायको पळून का गेली तेही विचारावं. बंदुकीचं विचारू नये. शहरात राहून एवढंही विसरलीस?

असो. दरवर्षीसारखं तुझ्या लेकीला, बर्डीला, ईस्टरच्या आठवड्यात इकडे पाठव. तुझी ड्यूटी असणारच. कांद्याची सालं जमवतेय, अंडी रंगवायला. माझ्या टोपीला नवी जांभळी फीत आणून ठेवलीय.

तुझी (नाइलाजानं)
व्हर्ना मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

मी गाळलेलं नाही, बघ.

ड्यूईचा दाणा कसा निघाला ते ओपलनं सांगितलं का? नसेल सांगितलं. डॉक्टर चिमटा घेऊन वाकले आणि त्यानं अशी शिंक दिली की दाणा थेट त्यांच्या चष्म्यावर. मग तो म्हणाला, "परत घालू?"

आता माझ्या हेरगिरीबद्दल. तो प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. ताप असो, कोपर मोडलेलं असो, नाकात दाणा असो. कारण ज्या दिवशी एखादं मूल त्याच कारणानं आमच्याकडे येतं, त्या दिवशी विचारून काय उपयोग, सांग? ते दिवस मी पाहिलेत. त्यातलं तुला काही लिहिणार नाही, मला लिहवत नाही. म्हणून दाणा अडकला असतानाच विचारायचं. आई-बाप तिथं बसलेलेच असतात, मूल धडधाकट घरी जाणार असतं, आणि आम्ही हातात आकड्यांच्या कुलपाचा लोखंडी डबा फुकट देतो. बंदूक कुणी मागत नाही, मावशी. मीसुद्धा याच खोऱ्यातली आहे, हरणाच्या शिकारीच्या मोसमात शाळेला सुट्टी असायची त्या गावातली. ठेवा, पण कुलपात ठेवा आणि गोळ्या वेगळ्या ठेवा, एवढंच म्हणतो.

सगळे एकच उत्तर देतात. आमच्या पोराला ती कुठं आहे ते माहीतच नाही.

आता तुला विचारते. हॉबर्टकाकांचं रिव्हॉल्व्हर कुठं आहे?

बघ, परक्यांना रोज विचारते आणि तुला विचारताना मला घाम फुटलाय. बर्डी बाळ होती तेव्हापासून दर ईस्टरला तुझ्याकडे येते आणि मी एकदाही विचारलं नाही. आज विचारतेय. डबा पोस्टानं पाठवते. त्यात ते गेलं की बर्डी आलीच म्हणून समज.

तुझी
नेडीन


१४ मार्च

नेडीन,

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! ओपलला विचारलंस ते विचारलंस, आता मला?

ते कुठं आहे म्हणतेस? जिथं आहे तिथं कुणाच्या बापाला सापडायचं नाही. हॉबर्टनं शेवटच्या आजारपणाच्या आधी स्वतःच्या हातानं तिथं ठेवलंय. "व्हर्ना, इथं कोण बघतंय?" म्हणाला होता. त्यानं ठेवलेलं मी हलवलेलं नाही आणि हलवणारही नाही. त्याचे बूटसुद्धा अजून मागच्या दाराशी आहेत, ते तुला कधी खुपले नाहीत ते?

आणि मी इथं एकटी राहते हे विसरलीस वाटतं. गेल्या शरदात अस्वल पडवीत येऊन कोंबड्यांचं खाणं खाऊन गेलं. उद्या चोर आला तर त्याला काय म्हणू, बसा जरा, चष्मा शोधते, आकडे जुळवते, तोवर चहा घेता का? माझी बोटं सांधेदुखीनं वाकडी झालीत. लोणच्याची बरणी उघडायला मला शेजारी बोलवावे लागतात.

आणि अट घालतेस? मला? मग नको पाठवूस पोरीला. माझं काही अडलेलं नाही.

अंडी आणून ठेवलीत तेवढी मी एकटी खाईन.

व्हर्ना


१८ मार्च

मावशी,

बरं. मग बर्डी येणार नाही.

हे मी रागानं लिहीत नाही. तिनं आत्ताच पिशवी भरून ठेवलीय, त्यात पोहायचा पोशाखही आहे, का ते देव जाणे. तिला सांगितलं तेव्हा ती कपाटात जाऊन बसली. मलाही रडू आलं, कारण ईस्टरला तुझ्याशिवाय आपलं दुसरं कोण आहे? पण तुझा राग मला परवडेल, दुसरं काही परवडणार नाही.

डबा कालच पोस्टात टाकलाय. परत पाठवायचा असेल तर पाठव.

नेडीन


२४ मार्च

प्रिय नेडीन,

बघ, 'प्रिय' परत आलं.

डबा मिळाला. चांगला भक्कम आहे, हातातून पायावर पडला असता तर तुमच्याच हॉस्पिटलात यावं लागलं असतं. ओपलच्या सुनेनं आकडे कसे लावायचे ते दाखवलं. हॉबर्टचा वाढदिवस लावलाय, तेवढा एकच आकडा मी या जन्मात विसरायची नाही.

तुझ्या आईची शपथ घेऊन सांगते, डब्याला कुलूप आहे. झोपायच्या आधी ओढून बघते. आत जे आहे ते पोराटोरांच्याच काय, माझ्याही हाताला आता सहजासहजी लागत नाही, आणि खरं सांगू, त्यानं माझ्या तब्येतीला बराच आराम पडलाय.

झालं तुझं समाधान? आता पोरीला कपाटातून बाहेर काढ आणि पाठव. पोहायचा पोशाख राहू दे तसाच, ओढ्याला पाणी आहे.

तुझी
व्हर्ना मावशी


२७ मार्च

माझ्या लाडक्या, हट्टी, सोन्यासारख्या मावशी,

मला ठाऊक होतं! इमर्जन्सीत सगळ्यांना ओरडून सांगितलं, माझ्या मावशीनं ऐकलं म्हणजे आता केंटकीत कुणीही ऐकेल. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुला सलाम सांगितलाय. मी किती दिवसांनी नीट झोपले, काय सांगू.

बर्डी शुक्रवारी येते. रविवारी माझी सकाळपासून ड्यूटी आहे, त्यामुळे चर्चला तूच ने. केस विंचरताना ती किंचाळते, लक्ष देऊ नकोस. आणि ड्यूई जवळ असताना छोट्या गोळ्यांची मिठाई ठेवू नकोस, त्याची नाकपुडी अजून उत्साहात आहे.

तुझी
नेडीन


२ एप्रिल, सोमवार

नेडीन,

आठवडाभर राहायला आलेली बर्डी आज ओपलच्या गाडीतून परत येतेय. तिच्या केसालाही धक्का लागलेला नाही. हे आधी वाच, मग श्वास घे, मग पुढचं वाच.

ते रिव्हॉल्व्हर डब्यात नव्हतं.

डब्यात माझ्या पीनट बटरच्या वड्या होत्या. मी खोटं बोलले नाही अशी स्वतःची समजूत घालत होते. डब्याला कुलूप होतं, आतलं माझ्या हाताला लागत नव्हतं, माझी साखरही उतरली होती. शब्द न् शब्द खरा आणि सगळं मिळून धादांत खोटं. तुझ्या आईची शपथही घेतली मी त्यावर. तिची मी रात्री माफी मागितली, तुझी आता मागते.

रिव्हॉल्व्हर होतं माझ्या ईस्टरच्या टोपीच्या डब्यात, टोपीखाली. हॉबर्टनं विचार करून जागा निवडली होती. वर्षातून एकदाच उघडतो तो डबा. पण तो एक दिवस कुठला, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या. ज्या दिवशी खोऱ्यातली सगळी पोरं लपवलेली रंगीत अंडी शोधत हिंडतात, नेमका तोच.

रविवारी सकाळी भट्टीत हॅम होतं, बर्डी केस विंचरताना किंचाळत होती, बाहेर ओपल हॉर्न वाजवत होती. मी टोपी काढली, नवी फीत टाचून डोक्यावर ठेवली, आणि खालचं रिव्हॉल्व्हर उघडं पडलं म्हणून ते पलंगावर हॉबर्टच्या उशीखाली सरकवलं. आल्यावर ठेवू म्हटलं.

चर्चमध्ये असताना पाऊस असा कोसळला की मागच्या मैदानात गुडघाभर चिखल. पोरं रडकुंडीला आली. तेव्हा पाद्री लेस्टर उभे राहिले आणि म्हणाले, अंडी घरात लपवू, सगळ्यात जवळचं घर व्हर्नाबाईंचं. मी काय म्हणाले माहीत आहे? "या की! सगळं घर मोकळं आहे!" फीत लावलेली टोपी मिरवत सगळ्यांच्या पुढे चालत आले मी.

बायकांनी अंडी लपवली. पाद्रीबुवांनी जाहीर केलं की सगळ्यात अवघड जागेचं जो शोधेल त्याला मांजराएवढा चॉकलेटचा ससा. मी स्वयंपाकघरात हॅम कापत होते. घरभर पोरं उधळली होती आणि मला बरं वाटत होतं गं. हॉबर्ट गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

मग ड्यूई आत आला. टोपली दोन्ही हातांनी धरून, कारण ती जड झाली होती. म्हणाला, "व्हर्नाआजी, हे अंडं नाहीये. पण सगळ्यात अवघड लपवलेलं हेच आहे. ससा माझा."

टोपलीत गवतावर, लाल अंड्यांच्या मधे, हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर. त्याचं तोंड बर्डीकडे. ती त्याच्या शेजारी उभी राहून आपली अंडी मोजत होती.

आत गोळ्या होत्या, नेडीन. तो भरूनच ठेवायचा, मीही तसंच ठेवलं.

माझ्या तोंडून एवढा गोड आवाज कुठून आला मला ठाऊक नाही. "शाब्बास रे ड्यूई, आता टोपली जमिनीवर ठेव आणि मला दाखव." त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. मी ते उचललं, उघडलं, गोळ्या बाहेर काढल्या आणि कुठं ठेवाव्या ते सुचेना म्हणून रश्शाच्या वाडग्यात टाकल्या. ओपल दारात होती. ती तिथंच जमिनीवर बसली. पाद्रीबुवा मोठ्यानं प्रार्थना करू लागले. त्यांना म्हटलं, प्रार्थना मागाहून करा, आधी पोरांना पडवीत न्या.

ओपल मला एक शब्द बोलली नाही. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती ड्यूईच्या नाकाला हात लावत बसली होती.

वड्या पोरांना वाटून टाकल्या. ससा ड्यूईला दिला, शब्द दिला होता पाद्रीबुवांनी. रिव्हॉल्व्हर आता खरोखर डब्यात आहे, गोळ्या वेगळ्या, चर्चच्या तिजोरीत. पण आता सांगून काय?

बर्डीला काही बोलू नकोस, तिला वाटतंय मी पावसामुळे पाठवतेय.

व्हर्ना


६ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि अर्धा तास गाडीतून उतरता आलं नाही. तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर काय बोलले असते कुणास ठाऊक. आत कुठली खाट, कुठला दिवा, कोण धावलं असतं, मला सगळं माहीत आहे. म्हणून मला ते दिसतच राहिलं, फक्त खाटेवर आपली बर्डी होती.

तू कळवलंस, हे मी विसरणार नाही. लपवलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं.

तू बर्डीला बोलू नकोस म्हणालीस, पण मी विचारलं. म्हटलं, ड्यूईला जे सापडलं ते व्हर्नाआजीकडे आहे हे तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "हो, टोपीच्या डब्यात असतं." गेल्या वर्षी तू कोंबड्यांकडे गेली असताना तिनं टोपी घालून बघितली होती. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "आजीला वाटतं ते कुणाला माहीत नाही. कळलं तर तिला वाईट वाटेल ना."

हे तुला लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

आणि माझंही ऐक. मी तुला शेवटी काय विचारलं? काहीच नाही. तू लिहिलंस डब्याला कुलूप आहे, मी नाचले. रिव्हॉल्व्हर आत आहे ना, एवढं एक वाक्य मी लिहिलं नाही. इमर्जन्सीत एखाद्या बाईनं असं गोलमाल उत्तर दिलं असतं तर मी तिला सोडलं नसतं. तुला सोडलं, कारण तू परत रागावशील याची मला भीती वाटली.

बर्डी विचारतेय, जूनमध्ये जायचं ना? तिला विचारलंस तर ती आजच निघेल. मला विचारलंस तर मला माहीत नाही.

नेडीन


१५ एप्रिल

प्रिय नेडीन,

सहा वर्षांची पोर माझा मान राखत बसली. ते वाक्य वाचलं आणि मी चूल बंद करून मागच्या दारी जाऊन बसले. मी तिला सांभाळतेय असं मला वाटत होतं गं, आणि ती मला सांभाळत होती. आणि कसलं गुपित पोटात ठेवून? त्या डब्यातलं. हुंदके देऊन रडले, लपवत नाही.

मग उठले आणि हॉबर्टचे बूट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आले. त्याच्यावरचं प्रेम त्याच्या बुटांत नाही आणि त्या लोखंडातही नाही, एवढं समजायला मला पंच्याहत्तर वर्षं लागली.

गुरुवारी आमच्या गोधडी मंडळात ओपलनं तोंड उघडलं. ईस्टरनंतर ती माझ्याशी बोलत नव्हती. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "बायांनो, तुमच्या घरातली बंदूक कुठं ठेवता?" सगळ्या टाके मोजायला लागल्या. मग मीच सांगितलं, टोपीच्या डब्यापासून रश्शाच्या वाडग्यापर्यंत, काही न गाळता. त्यावर एकेकीला कंठ फुटला. एकीची पियानोत आहे, एकीची पिठाच्या पिंपात, एकीची गादीखाली, आणि पाद्रीणबाई म्हणाल्या, आमची तर गाडीच्या कप्प्यात, कुणाला माहीतच नाही. ओपल म्हणाली, "बोलवा पोरांना." पोरांना बोलावलं आणि जागा विचारल्या. नेडीन, पिठाच्या पिंपाचं सोड, पाद्रीबुवांच्या धाकट्यानं पियानोचंही सांगितलं, आणि पियानो त्याच्या घरातला नाही!

तर डबे पाठव. मंडळातल्या सगळ्यांना हवेत, आणि माझी वाकडी बोटं बघून ओपलची सून म्हणाली की किल्लीचे मिळाले तर म्हाताऱ्यांना बरे पडतील. ओपल स्वतः येऊन घेऊन जाईल. ती म्हणते, त्या नर्सला सांग, मी तिला चारचौघांत हेर म्हणाले, आता चारचौघांतच परत घेतलं.

जूनचं मी मागत नाही. मागायचा हक्क मी गमावलाय, आणि बर्डीची आठवण आली तर ती मला सोसायलाच हवी.

पण कधी तुझं मन झालं आणि तिला घेऊन आलीस, तर एक कर. तिला गाडीतच ठेव. तू एकटी पडवीत ये आणि परक्या बाईला विचारतेस तसं मला विचार. आहे का, कुठं आहे, कुलूप आहे का, गोळ्या कुठं आहेत. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, उघडून दाखव म्हण. मी रागावेन. मी स्वतःला ओळखते, मी नक्की रागावेन, घरात ये न म्हणता दारातच उभी करेन तुला.

तरी विचार. सगळं डोळ्यांनी बघ, आणि मगच तिला गाडीतून उतरव.

तुझी
व्हर्ना मावशी